साध्या गाठींची डॉक्टर

तिची बाटली माझ्या टेबलावर आली, तेव्हा ती गेलेली होती. मला ते ठाऊक नव्हतं. नेरूळच्या माझ्या छोट्या लॅबमध्ये मी सकाळी आलेले नमुने लावून घेत होते. कुणाचं अपेंडिक्स, कुणाच्या मानेतली गाठ, आणि त्यांच्यामध्ये अंगठ्याएवढी ती ओळखीची बाटली, झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर यमुनाचं तिरपं अक्षर. आत फॉर्मेलिनमध्ये तांदळाच्या कणीएवढा पांढुरका तुकडा. मी मनाशी हसलेसुद्धा. म्हटलं, दुपारपर्यंत फोन येणार... "कसा दिसतोय गं?" तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पापुद्रे कापायचे, ते रंगवायचे, मग कुठे तो भिंगाखाली बघायचा, आणि या सगळ्याला दोन-तीन दिवस जातात, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी फोन त्याच दिवशी यायचा. त्या दुपारी फोन आला, पण तो सुभाषरावांचा, तिच्या नवऱ्याचा. "नीलाताई, यमुना गेली," एवढंच ते म्हणाले, आणि मग बराच वेळ मला फक्त त्यांच्या घरात जमलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत राहिले. सकाळी क्लिनिकला निघताना ती चप्पल घालायला वाकली होती, ती परत उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. साठीला अजून अवकाश होता तिच्या.

त्या बाटलीचा रिपोर्ट चारेक दिवसांनी तयार झाला. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, बारीक बोटंबोटं असलेली वाढ... पॅपिलोमा. तोंडातली चामखीळच म्हणा ना. निरुपद्रवी. असा रिपोर्ट टाइप होण्याआधी मी तिला फोन करायची, गेली वीस-बावीस वर्षं. आता कुणाला करणार? कागदावर पेशंटचा नंबर होता. जुईनगरजवळच्या गावातल्या एक आजी. मी आयुष्यात कधी पेशंटला फोन केलेला नव्हता. आम्ही पॅथॉलॉजिस्ट माणसांचे तुकडे बघतो, माणसं बघत नाही. त्या दिवशी मात्र लावला. "आजी, तुमच्या टाळूवरचं जे काढलं ना, ते साधं आहे. काळजीचं काही नाही."

"नाय ना काय?"

"नाही. अगदी साधी चामखीळ."

मग आजी म्हणाल्या, "मंग तू का रडतंस बाय?"

यमुना दातांची डॉक्टर होती. म्हणजे पाटी तशी होती. तोंडाच्या सर्जरीचं पुढचं शिक्षण तिने घेतलं होतं आणि जुईनगर स्टेशनपासून जरा आत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिचं क्लिनिक होतं. दात काढणं, दाढेचं रूट कॅनाल, कवळ्या, हे सगळं ती करायची आणि चांगलं करायची. पण तिचा जीव खरा रमायचा तो तोंडातल्या मऊ गाठींत. गालाच्या आतल्या बाजूला आलेला घट्ट दाणा, खालच्या ओठावरचा पाण्याचा फुगा, हिरडीवरचा लालबुंद कोंब, जिभेखाली बेडकाच्या गळ्यासारखी फुगलेली पिशवी. यातल्या बहुतेक गाठी जिवाला धोका नसलेल्या. पुष्कळ ठिकाणी त्या कापून थेट कचऱ्यात जातात. यमुनाने एकही गाठ कचऱ्यात टाकली नाही. ती प्रत्येक तुकडा तपासायला पाठवायची, आणि पेशंट कुरकुरला तर म्हणायची, "दिसते साधी. पण माझ्या डोळ्यांना भिंग नाहीये. जिच्याकडे आहे तिला विचारू."

आमची ओळखही अशाच एका गाठीने करून दिली. तेव्हा लॅब नवी होती आणि मला कामाची हौस होती, पण गप्पांची अजिबात नव्हती. बाकीचे डॉक्टर बाटली पाठवायचे. ही बाटलीच्या मागून स्वतः आली. साडीवर डॉक्टरचा पांढरा कोट तसाच, हातात हेल्मेट. "मी यमुना. गालातला दाणा पाठवला होता. मला बघायचाय."

"रिपोर्ट पाठवलाय ना तुम्हाला. फायब्रोमा आहे. बिनाइन, साधी."

"ते वाचलं. मला बघायचाय."

मी जरा नाइलाजानेच स्लाइड लावली. ती बराच वेळ भिंगावरून उठेना. मग म्हणाली, "हे तर सुताचं गुंडाळं आहे नुसतं. एवढं सूत गालात कुणी गुंडाळलं?" मी म्हटलं, सतत घर्षण झालं की शरीर तिथे तंतू रचत जातं, जिथे चप्पल चावते तिथे घट्टा पडतो, तसं. "हो, पण घर्षण कशाचं?" तिने विचारलं आणि स्वतःशीच मान हलवत निघून गेली. दोन दिवसांनी फोन. "मॅडम, सापडलं. वरच्या दाढेचा कोपरा तुटलाय, नखाएवढा. बाईंना सवय आहे तिथे गाल चोखायची. दाढ घासून गुळगुळीत केली. नाहीतर काय झालं असतं, गाठ काढली, परत आली, परत काढली... आणि आपण शहाणे म्हणून बसलो असतो." त्या फोननंतर "मॅडम"चं "नीला" व्हायला फार दिवस लागले नाहीत.

तिचं हे "कशाने झालं?" पेशंटला कधी कधी जड जायचं. बाहेर माणसं ताटकळलेली आणि ही आत एका शिंपीणबाईला विचारत बसलेली, दोरा कुठल्या दाताने तोडता, दाखवा बरं तोडून. लग्नात जेवणाच्या रांगेत समोरच्याच्या ओठाकडे टक लावून बघायची. सुभाषराव न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या क्लिअरिंगचं काम करायचे, दिवसभर ड्रायव्हर आणि कस्टमच्या कटकटी सोसून घरी यायचे, आणि ही जेवताना जिभेखालच्या पिशवीचं वर्णन करायची. "अगं, भात तरी खाऊ दे," ते म्हणायचे. तिला माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत. तोंडं राहायची. बाजारात कुणी हाक मारली की कुजबुजत मला सांगायची, "ही डाव्या गालाची. आता नाव काय हिचं... तू बोल ना काहीतरी."

हे वेड कुठून आलं, ते तिने मला एकदाच सांगितलं. पावसाळ्यात क्लिनिकमध्ये पेशंट नव्हते, आम्ही दोघी चहा घेत बसलो होतो. ती इथल्या मूळ गावातली, आगरी घरातली. शहर वसलं तेव्हा घराभोवती इमारती उभ्या राहिल्या, घर मात्र होतं तिथेच राहिलं. लहानपणी तिच्या एका आत्याला तोंडात काहीतरी झालं. आत्या रोज सकाळी मशेरी लावायची, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. तिने तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. पदर धरून बोलायची, पदर धरून जेवायची. "मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला एवढंच वाटायचं की एकदा बघू दे ना, काय आहे आत. सगळे म्हणायचे, बघू नये. कुणीच बघितलं नाही, नीला. बघितलं तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं." मी विचारलं, मग कॅन्सरच्या सर्जरीकडे का नाही गेलीस? तर म्हणाली, "त्या गाठींकडे बघायला मोठमोठी हॉस्पिटलं आहेत. पण लोक घाबरून ज्या दाखवत नाहीत, त्यात निम्म्याहून जास्त गाठी साध्या असतात. त्यांना कुणीतरी नीट बघून साधं म्हणायला नको का?"

साधं म्हणण्याआधी ती फार काळजीपूर्वक बघायची, आणि काही वेळा बघून नुसती थांबायची. नावड्याची रूपाली मला आठवते. मूळची साताऱ्याकडची, नवरा तळोज्याच्या कारखान्यात, पहिलंच बाळंतपण. सहाव्या महिन्यात वरच्या हिरडीवर जांभळट लाल कोंब फुटला. दात घासले की रक्त, वरण प्यायलं तरी रक्त. सासू धास्तावलेली. "डॉक्टर, पोरीच्या तोंडात काय उगावलंय हे? कापा आन टाका एकदाचं." यमुनाने कापलं नाही. पोटुशा बायकांना हिरडीवर अशी रक्ताळ वाढ येते, शरीरातली रसायनं बदललेली असतात, त्यात दातावर कीट साठलं की हिरडी चिडते, हे तिने सासूला समजावलं. दात स्वच्छ केले, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं आणि सांगितलं, दर पंधरवड्याला मला दाखवायचं, रक्त थांबेना किंवा गाठ भराभर वाढली तर त्याच दिवशी यायचं. रूपाली येत राहिली. यमुना दर वेळी फोटो काढून मला पाठवायची, जणू तिच्याच घरी काही उगवत होतं. बाळ झालं, आणि कोंब आपोआप वाळत गेला. शेवटी वाटाण्याच्या सालीएवढा उरला, तो तिने काढला, मी बघितला. "काही न करणं किती अवघड असतं ना," तेव्हा ती म्हणाली होती. "हात शिवशिवत होते माझे."

पण यमुना म्हटली की मला आठवतो तो दशरथ.

दशरथ उरणच्या बाजूचा, चाळिशीचा माणूस. लग्नाच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. हळदीच्या रात्री आगरी-कोळी गाणी क्लॅरनेटवर अशी वाजवायचा की म्हाताऱ्या उठून नाचायच्या, असं त्याची बायको सुनंदा सांगायची. त्याच्या जिभेच्या उजव्या बाजूला गाठ आली होती. दुखत नव्हती. दुसरीकडे एका ठिकाणी त्याने दाखवली, तिथे तुकडा काढला, आणि रिपोर्ट आला तो कॅन्सरची दाट शंका सांगणारा. मोठ्या हॉस्पिटलात जिभेचा बराच भाग काढायचा ठरला, तारीखही मिळाली, दोन आठवड्यांनंतरची. ऑपरेशनच्या आधी किडलेले दात काढून या म्हणून त्याला सांगितलं होतं, तेवढ्यासाठी तो यमुनाकडे आला. ती दात बघत होती आणि बघता बघता जिभेवर थांबली.

संध्याकाळी तिचा फोन आला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "नीला, मला हे जुळत नाहीये. गाठ गुळगुळीत आहे. वर जखम नाही. किंचित पिवळसर. कडा हाताला नीट लागतात. विचारलं तर म्हणतो, तीन वर्षांपासून आहे, हळूहळू वाढली. कॅन्सर एवढा सोशिक असतो?"

मी म्हटलं, "असूही शकतो. आणि रिपोर्ट आहे समोर. तू त्याला उगाच आशा लावू नकोस. त्याची तारीख चुकली आणि तो खरंच कॅन्सर निघाला तर?"

"म्हणून तर तुला फोन केला. तारीख चुकवायची नाहीये. त्याच्या आत कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमध्ये गेले. असं मी कधी करत नसे. दशरथ खुर्चीत, सुनंदा त्याच्या पायाशी स्टुलावर. यमुनाने आपल्या बोलीत त्याला सांगितलं, आणि ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण तिने एकही गोष्ट झाकली नाही. तो म्हणाला, "बाय, मना खरा सांग. माझी जीभ जावाची हाय का नाय?"

"आजून तरी तुझे तोंडानच हाय ती," यमुना म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, "हे बघ दशरथ, मी तुला कॅन्सर नाय असं सांगत नाय. असंल पन. मना माहीत नाय. पन ज्यांनी तपासला, त्यांना वरचा पापुद्रा मिळाला. मना खालचा बघायचा हाय."

सुनंदा एकदम म्हणाली, "कशाला परत परत कापायचं, डॉक्टर? ते काढतात तर काढून टाकू दे ना. टेन्शन तरी जाईल. वाजवलं नाय तर नाय वाजवलं, मानूस तर राहील." तिचे डोळे कोरडे होते. कितीतरी रात्री विचार करून ती तिथे पोचली असणार. तिला चूक म्हणायची माझी हिंमत नव्हती. यमुना तिच्यासमोर खाली बसली. "तुझं बरोबर आहे. माणूस पहिला. म्हणूनच तारखेला हात लावायचा नाही. या नीलाने बघून कॅन्सर म्हटलं, तर मी स्वतः त्याला हॉस्पिटलात घेऊन जाईन. पण जीभ एकदा काढली की परत लावता येत नाही गं." सुनंदाने नवऱ्याकडे पाहिलं. दशरथ म्हणाला, "बघू दे तिला."

पहिल्या लॅबकडून आम्ही जुनी स्लाइड मागवून घेतली. त्यांनी तक्रार न करता दिली. मी बघितली आणि मला त्यांची अडचण कळली. तुकडा अगदी उथळ होता. नुसती जिभेची वरची कातडी, आणि ती वेडीवाकडी वाढून बोटांसारखी खाली घुसलेली. ते दृश्य कॅन्सरसारखंच दिसतं. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं होतं. त्याच्या खाली काय आहे, ते त्या काचेवर नव्हतंच. आता यमुनाने जीभ बधिर करून खोल तुकडा घेतला, खालच्या स्नायूसकट. तो माझ्याकडे आला, आणि पुढचे तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. तिने मात्र त्या वेळी एकदाही "कसा दिसतोय" म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी स्लाइड रंगायच्या आधीच ती येऊन माझ्या टेबलापाशी बसून राहिली.

मी भिंगात बघितलं. वरची कातडी तशीच, बोटं खुपसलेली. पण तिच्या खाली, स्नायूंच्या धाग्यांमध्ये, मोठाल्या फिक्या पेशींचे थवे. प्रत्येक पेशीत गुलाबी रवा भरल्यासारखे बारीक दाणे, आणि मधे शांत, लहानसं केंद्र. कुठे घाई नाही, कुठे तोडफोड नाही. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. मज्जातंतूंना जे आवरण असतं, त्याच्या पेशींपासून होणारी साधी गाठ. जिभेवरच तिला जास्त आवडतं. आणि तिची खोडी अशी, की ती खाली वाढली की वरची निरोगी कातडी उगाच वेडीवाकडी वाढते, कॅन्सरचं सोंग घेते. वर वर बघणारा फसतोच. मी बाजूला सरकले. यमुना वाकली. बघत राहिली... बघत राहिली. "साखर घातलेला शिरा," ती शेवटी म्हणाली, आणि डोळे पुसायला चष्मा काढला. खात्रीसाठी मी आणखी एक खास रंग लावला, तो या आवरणाच्या पेशी पकडतो. तोही लागला. मग आम्ही दोन्ही स्लाइड घेऊन मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्यांच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्या, त्यांनीही मान डोलावली. मोठं ऑपरेशन रद्द झालं.

गाठ मात्र काढायची होती, नाहीतर वाढत राहिली असती. ती यमुनाने काढावी असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीच सुचवलं. त्याआधी तिने दशरथला निरोप धाडला, येताना क्लॅरनेट घेऊन ये. दुपारची वेळ, बाहेर बाकावर दाढा धरून बसलेली माणसं, आणि आत खुर्चीत बसून दशरथ क्लॅरनेट वाजवतोय. यमुना टॉर्च घेऊन त्याच्या गालाशी. "जिभेचं टोक पट्टीला लागतं ना? सूर तोडताना काय करतोस? परत वाजव." क्लॅरनेटच्या तोंडाशी बांबूसारख्या गवताची पातळ पट्टी असते, जिभेचं टोक तिला लागून सुटतं तेव्हा सूर तुटतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिला हवं होतं ते कळलं. छेद आडवा नाही, जिभेच्या लांबीने उभा घ्यायचा, म्हणजे टाके ओढले तरी टोक मोकळं राहील. बाहेर बाकावरचे लोक उठून दाराशी आले होते. एक आजोबा गाल सुजलेला असून ताल धरत होते.

गाठ चण्याएवढी निघाली, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट. टाके विरघळले, सूज उतरली. पहिले काही आठवडे दशरथचा "र" नीट येत नव्हता आणि तो फार घाबरला होता. यमुनाने त्याला रोज आरशासमोर जीभ फिरवायला लावली. त्या थंडीत त्याने आम्हा दोघींना त्याच्या गावच्या हळदीला बोलावलं. मांडवात सगळे नाचत होते. सुनंदा सगळ्यांत पुढे. यमुना मात्र खुर्चीत पुढे सरकून दशरथच्या गालाकडे टक लावून बसली होती. मी म्हटलं, "अगं, ऐक तरी." ती म्हणाली, "ऐकतेय ना. टोक सुरेख सुटतंय."

परत येताना गाडीत तिचं मन अजून त्या गाठीतच होतं. मग म्हणाली, "पण नीला, ती आलीच का? दशरथलाच का? आवरणाच्या पेशींना अचानक काय वाटलं?" मी म्हटलं, कुणालाच माहीत नाही अजून. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट कुणी खाऊ दिल्यासारखा तिचा चेहरा झाला. "अजून माहीत नाही!" असं स्वतःशी म्हणून तिने खिडकीची काच खाली केली.

आमची शेवटची भेट अशी काही ठरवून झाली नव्हती. ती जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही नेरूळच्या भाजी मंडईत भेटलो, उभ्या उभ्या. ती कोथिंबीर निवडत होती. काहीतरी दाखवायचंय तुला, घरी ये, म्हणाली. काय, ते सांगेना. मी पुढच्या आठवड्यात येते म्हटलं.

गेले ते परवा. दीड महिना झाला होता. सुभाषराव आता निवृत्त आहेत, मुलगी बंगलोरला परत गेलेली. घर नीटनेटकं होतं, जरा जास्तच. ते मला सरळ आतल्या खोलीत घेऊन गेले. खिडकीपाशी, तिच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर, एक मायक्रोस्कोप. एका कॉलेजने भंगारात काढलेला, तिने तो दुरुस्त करून घेतला होता, मला न सांगता. "तुम्हाला चकित करायचं होतं तिला," सुभाषराव म्हणाले. "म्हणायची, एकदा शिकले की नीलाला बोलावते." शेजारी बशीत वाळलेली पानं होती. मी ओळखली. खाडीकाठच्या तिवराची, खारफुटीतलं झाड ते. सुभाषराव सांगू लागले. तिचे वडील मिठागरावर काम करायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची तेव्हा तिवराचं पान चाटायची, खारट लागायचं म्हणून. आता इतक्या वर्षांनी कुठेतरी वाचलं, की त्या पानात मिठाच्या ग्रंथी असतात. झाड खारं पाणी पितं आणि नको ते मीठ पानावाटे बाहेर टाकतं. "तेव्हापासून डोकं खात होती माझं. आपल्या तोंडात लाळेच्या ग्रंथी, तशा झाडाला मिठाच्या. तिला त्या बघायच्या होत्या."

भिंगाखाली काच अजून होती. त्यावरचं पाणी केव्हाच सुकलेलं, एक तपकिरी डाग तेवढा राहिलेला. मी डोळे लावले. दोन वर्तुळं एकमेकांपासून फटकून, सगळं धूसर. तिचे डोळे माझ्यापेक्षा जवळ जवळ होते. सगळा मेळ तिच्या नजरेला बसवलेला. बघायचं तर तो मोडायला लागणार होता. मी हात मागे घेतला.

"काय झालं?" सुभाषरावांनी विचारलं.

"तिच्या डोळ्यांना लावलंय. माझ्यासाठी हलवावं लागेल."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "हलवा. इथे येऊन न बघता गेलात, तर ती आपल्या दोघांना ओरडेल."

आम्ही गाडी काढून खाडीकाठी गेलो आणि एक ताजं पान आणलं. तिच्याच पात्याने मी त्याचा पातळ काप घेतला, पाण्याचा थेंब टाकला, वर काच ठेवली. दोन्ही नळ्या माझ्या डोळ्यांपुरत्या सरकवल्या. हिरव्या पेशींची वीण स्वच्छ झाली आणि तिच्या कडेला, इवल्याशा खळग्यात, ठेंगणी छत्री उघडून ठेवावी तशी एक ग्रंथी. मग आणखी एक. मी म्हटलं, "सापडली," आणि उठून खुर्ची सुभाषरावांना दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्याकडून एवढं ऐकलं, पण त्यांनी आजवर कधी भिंगात डोकावलं नव्हतं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मी नळ्या त्यांच्यापुरत्या सरकवल्या. मग ते एकदम स्थिर झाले.

बऱ्याच वेळाने, डोळे न उचलता, त्यांनी विचारलं, "नीलाताई, पण झाडाला कळतं कसं हो, कुठलं मीठ ठेवायचं आणि कुठलं टाकायचं?"

मला त्याचं उत्तर येत नव्हतं. तसं मी सांगितलं. ते "हं" म्हणाले, आणि काच सरकवून पानाची दुसरी कड बघू लागले. मी चहा ठेवायला आत गेले.